गुहागर ते विजापूर, व्हाया आमचं घर

मागच्या पावसाळ्यात चिपळूणला जाताना हेळवाकच्या अलीकडं गाडी थांबवायला लागली. रस्त्याची एक कड खचलेली, तिथं दगडाची भिंत घालायचं काम चाललेलं, एकच लेन सुरू आणि दोन्ही टोकांना लाल-हिरवे झेंडे घेऊन उभी असलेली दोन पोरं. पाऊस असा की वायपर फुल स्पीडला ठेवूनसुद्धा समोरचा टेम्पो नुसता लाल दिव्यांवरून ओळखायचा. माझ्या खिडकीच्या बाजूलाच दोन-तीन बायका पाटीत दगड भरत होत्या, डोक्यावर खताच्या पोत्याच्या खोळी, पायात पुरुषी गमबूट. त्यातली एक, माझ्याच वयाची असेल, गाडीच्या आडोशाला जरा उभी राहिली म्हणून मी काच खाली केली. "अक्का, कुठं चाललाव?" तिनंच विचारलं. म्हटलं, माहेरी, चिपळूणला. तुम्ही कुठल्या? तर तिनं ओल्या हातानं मागं दाखवलं, मी आले त्या दिशेला, कराडकडं. "हितनं सरळ. ह्योच रस्ता. कुठंबी वळायचं न्हाई, शेवटाला विजापूर, तितनं जवळच आमचा तांडा." मग डोक्यावरची खोळ नीट करत म्हणाली, "तिकडं अजून पेरणी न्हाई झाली. हितलं पानी बगा कसं वाया चाललंय." तेवढ्यात पोरानं हिरवा झेंडा केला, मागच्यानं हॉर्न दिला आणि मला निघावंच लागलं.

पुढं घाट उतरेपर्यंत तेच डोक्यात. कुठंबी वळायचं न्हाई.

माझं माहेर चिपळूण आणि सासर कराड, त्यामुळं हा रस्ता मला तोंडपाठ आहे असं मी सगळ्यांना सांगत आलेय. खेर्डी, पिंपळी, अलोरे, शिरगाव, पोफळी, मग घाट, घाटमाथा, कोयनानगर, हेळवाक, पाटण, नवारस्ता, मल्हारपेठ, साकुर्डी, सुपने, की आलं कराड. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तर एसटीनंच जाणंयेणं होतं. घाट लागायच्या आधी आवळासुपारी तोंडात टाकायची, खिडकीची सीट मिळाली नसेल तर कंडक्टरला विनवायचं, आणि तरी सोनपात्राच्या वळणाच्या आसपास कुणाचं ना कुणाचं पोर ओकायचंच. कुंभार्ली घाटाचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येईल, ओली माती, कुजलेला पाला, त्यात तापलेल्या ब्रेक लायनरचा करपट वास आणि माथ्याच्या टपरीवरच्या भज्यांचं तेल. धुकं उतरलं की ट्रकचा क्लीनर खाली उतरून हातातली बॅटरी हलवत पुढं चालायचा आणि त्याच्या मागनं आमची आख्खी बस. आई द्यायची ते कोकम, आंबापोळी, फणसाचे गरे आणि वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधलेली सुकट, जिचा वास तरीही सगळ्या बसला यायचाच. परतीला सासूबाईंची पिशवी, गूळ, शेंगा, घेवडा, नवीन ज्वारी. हे एवढं सगळं या रस्त्यानं माझ्या हातून नेलंय आणलंय, पण कराडच्या पुढं हा रस्ता जातो कुठं याचा विचार कधी करायची वेळच आली नव्हती. कराड आलं की माझा रस्ता संपायचा.

आणि हे काही माझ्या एकटीचं नाही. चिपळूणमध्ये कुणालाही विचारा, तो म्हणेल कराडचा रस्ता. कराडात हाच चिपळूण रोड. विट्यातले लोक कराडपर्यंतचं बोलतात, जतचे लोक विजापूरचं. प्रत्येक गावाला आपापल्या पुढच्या बाजारापर्यंतचाच तुकडा माहीत. सगळा रस्ता सलग एका दमात सांगणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं, ते दगडाची पाटी उचलताना भेटलं.

तर हा रस्ता म्हणजे जुना राज्यमार्ग ७८. सुरुवात गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, व्याडेश्वराच्या गावात. तिथनं शृंगारतळी, मार्गताम्हाणे, रामपूर, मिरजोळी करत चिपळूण. मग कुंभार्ली घाट, कोयनेच्या काठाकाठानं पाटण, कराड, पुढं ओगलेवाडी, सुर्ली घाट, कडेगाव, विटा, खानापूर, भिवघाट, नागज, जत आणि शेवटी हद्द ओलांडून विजापूर. तीनशेहून जास्त किलोमीटर. रत्नागिरी, सातारा, सांगली असे आपले तीन जिल्हे आणि चौथा कर्नाटकातला. गेल्या काही वर्षांत तो राष्ट्रीय महामार्ग झाला, १६६ ई. जुन्या किलोमीटरच्या दगडांना हिरवी टोपी असायची, राज्यमार्गाची खूण ती, आता नवीन दगड पिवळ्या टोपीचे. मल्हारपेठच्या आसपास एका विहिरीच्या कठड्याशी जुना एक दगड मी बघितलाय, रुंदीकरणात उपटलेला, कुणीतरी उचलून तिथं आडवा टाकला असणार. हिरवा रंग पार उडून गेलाय पण 'चिपळूण' मधला 'चि' आणि 'प' हाताला लागतो अजून. बायका त्यावर धुणं आपटतात. मी पण हात फिरवून बघितला, साबणानं इतका गुळगुळीत झालाय की बोट घसरतं, फक्त अक्षराच्या खाचेत थांबतं.

पण ७८ काय आणि १६६ ई काय, हे नंबर आपल्या काळातले. वाट त्याच्या कितीतरी आधीची आहे. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची, आणि पार मध्य प्रदेशात भरहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या यादीत करहाकटचे लोक आहेत, म्हणजे आमचे कराडकर. एवढा पैसा त्या गावात आला कुठनं, तर व्यापारातनं, आणि व्यापार म्हणजे खाली कोकणातली बंदरं आणि वर देश आणि मध्ये हे घाट. पुढं बहमनी आणि आदिलशाहीच्या काळात तर दाभोळ म्हणजे मोठंच बंदर. गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याहून फेरीबोटीत बसलं की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडं दाभोळ, आज जिथं मासळीच्या होड्या लागतात तिथं अरबस्तानातनं घोडे उतरायचे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थान फिरून परत जाताना दाभोळहूनच जहाजात बसला. ते घोडे सुलतानांच्या फौजेसाठी, म्हणजे त्यांना सह्याद्री चढून वर न्यायलाच लागायचं, कुंभार्लीनं आणि आजूबाजूच्या वाटांनी. चढावर पावसात बस ओढताना इंजिन कसं कण्हतं ते मी ऐकलंय, तिथं समुद्राचा प्रवास करून आलेलं, पायाखाली जमीन अजून डुलतेय असं ते जनावर कसं चढलं असेल याचा विचार घाटात गेलं की हल्ली येतोच येतो.

दाभोळच्या मशिदीची एक कथा सांगतात तिथं. विजापूरच्या राजघराण्यातली एक बाई, लोक तिला माँसाहेब म्हणतात, हजला निघाली, लवाजमा घेऊन दाभोळपर्यंत आली, पण समुद्राचं काही जमेना, जहाज निघेना. मग बरोबर आणलेलं धन परत न्यायचं कशाला म्हणून तिनं तिथंच मशीद बांधली. खरंखोटं मला माहीत नाही पण मशीद खरी आहे, खाडीच्या काठाला, घुमटाची, विजापुरी वळणाची, माडांमध्ये उभी. लहानपणी शाळेच्या सहलीत बघितली तेव्हा ती तिथं विचित्रच वाटली होती, सगळीकडं कौलारू घरं आणि मध्येच हे काय. आता कळतं की ती या रस्त्याचीच इमारत आहे. त्या टोकाचा माणूस या टोकाला आला की काहीतरी ठेवून जाणारच.

आणि मीठ. घोडे वर जायचे तसं मीठ वर जायचं, खारवलेली मासळी जायची, सुपारी, नारळ जायचे आणि खाली धान्य यायचं. हे वाहून न्यायचे लमाण. शेकडो बैलांचे तांडे, गोण्या पाठीवर टाकलेले, बायका-पोरं, कुत्री, सगळा संसार बरोबर. चाकाची गाडी घाटात चढेल असे रस्ते झाले ते इंग्रजांच्या काळात, आणि ते झाले, रेल्वे आली, मिठावर सरकारचा कर आणि पहारा बसला, तसा या लोकांचा धंदाच बसला. मग १८७१ चा तो गुन्हेगार जमातींचा कायदा, फिरणारं माणूस म्हणजे चोर असं धरून चालणारा. ज्यांनी वाटा चालून चालून पक्क्या केल्या त्यांच्यावरच वाटेवर असण्याचा गुन्हा. विजापूर जिल्ह्यात आज लमाणांचे कितीतरी तांडे आहेत आणि तिथनं माणसं कोकणात, गोव्यात, पुण्यात रस्त्याच्या नाहीतर बांधकामाच्या कामाला जातात. हेळवाकची ती बाई त्यातलीच. तिच्या पणज्यांनी या घाटातनं मीठ वर नेलं असेल की नाही हे कोण सांगणार, पण ती जेव्हा 'ह्योच रस्ता' म्हणाली तेव्हा त्यात एक हक्क होता, तो माझ्या 'तोंडपाठ आहे' मध्ये नव्हता. त्यातही तिची गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, त्रासच, की हद्दीच्या पलीकडं लमाण अनुसूचित जातीत येतात आणि अलीकडं महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सोयरीक दोन्हीकडं, रस्ता एक, पण जतच्या पुढं पाटी बदलली की दाखला बदलतो.

पाणी वाया चाललंय म्हणाली ना ती, त्याचं मात्र मला उत्तर माहीत होतं, वेळ असता तर सांगितलं असतं. हेळवाकच्या शेजारीच कोयनानगर, तिथं धरण, १०३ मीटर उंच, मागं शिवसागर जलाशय, शंभरावर टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी. एरवी सह्याद्रीच्या पूर्वेला पडलेलं पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचं, पण कोयनेचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातनं बोगद्यांनी उलटं पश्चिमेला नेलंय, पोफळीला खोल जमिनीखाली वीजघर आहे तिथं ते टर्बाइनवर पडतं, वीज होते आणि पाणी वाशिष्ठीत येतं. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. कृष्णेच्या पाण्याची राज्याराज्यांत वाटणी करणाऱ्या लवादानं घालून दिलेली मर्यादा आहे, पश्चिमेला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. आमच्या चिपळूणची वाशिष्ठी भर मे महिन्यात वाहती असते ती या पाण्यावर. वीजनिर्मिती थांबली की दोन दिवसांत गावात कुजबुज सुरू होते की पाणी कमी येतंय. म्हणजे जे पाणी तिच्या रानाच्या दिशेला जायचं ते माझ्या माहेरच्या नळाला आलंय. हे तिला गाडीच्या खिडकीतनं सांगायचं तरी कसं.

या पाण्याची किंमत मात्र इथल्याच लोकांनी आधी मोजली. जलाशयात गावं गेली, माणसं उठून लांब लांब वसली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमाराला भूकंप झाला, दीडशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. माझ्या सासूबाईंचं माहेर पाटण खोऱ्यातलं, त्या तेव्हा शाळेत होत्या. त्या सांगतात ते एवढंच, की आधी गोठ्यातली गुरं ओरडली, मग भिंतीतनं आवाज आला, आणि नंतर कितीतरी दिवस सगळं गाव शेतात पाल ठोकून राहिलं, थंडी मरणाची, तरी घरात जायचं कुणी नाव काढेना. अजूनही हादरा बसला, इकडं बारीकसारीक हादरे बसतच असतात, की त्या हातातलं काम टाकून दाराच्या चौकटीखाली जाऊन उभ्या राहतात, काही बोलत नाहीत, जरा वेळानं परत येऊन कांदा चिरायला घेतात. २०२१ च्या जुलैत तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकदमच आकाश कोसळलं. २२ तारखेला चिपळूण बुडालं, बहादूरशेख नाक्याला पाणीच पाणी, आमच्या माहेरच्या घरात माळ्यापर्यंत, दादानं आईला पाठीवर घेऊन शेजारच्यांच्या गच्चीवर नेलं. आणि त्याच पावसात वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. फोन लागत नव्हता, घाट बंद, मी कराडात आणि आई तिकडं, मध्ये शंभरेक किलोमीटर फक्त, पण परदेशात असल्यासारखं. घाट सुरू झाल्याबरोबर कराड-सांगलीकडनं पाण्याच्या बाटल्या, चादरी, भाकरी घेऊन टेम्पो खाली उतरायला लागले. एका टेम्पोवर खडूनं लिहिलेलं मी बघितलं, 'विट्याहून चिपळूणकरांसाठी'. तेव्हा पहिल्यांदा विटा माझ्या लेखी या रस्त्यावर आलं.

तर हेळवाकचा तो प्रसंग झाल्यावर मी घरी आल्या आल्या ह्यांना म्हटलं, एकदा शेवटपर्यंत जाऊया. "शेवटपर्यंत म्हणजे?" "म्हणजे विजापूर." नवऱ्याला वाटलं गोल घुमट बघायचाय. म्हटलं हो, तोही बघू. थंडी सरता सरता, म्हणजे फेब्रुवारीत निघालो.

कराड सोडल्यावर पहिली ओगलेवाडी. आमचं रेल्वे स्टेशन तिथंच त्यामुळं ते माहितीतलं, आणि ओगल्यांचा काचकारखाना, ज्याचे प्रभाकर कंदील एकेकाळी घराघरात होते, आमच्या चिपळूणच्या माळ्यावर पण एक होता, काचेवर नाव असलेला. म्हणजे तो कंदीलही याच रस्त्यानं घाट उतरून आला असणार. जवळच कृष्णेकाठी टेंभू, गोपाळ गणेश आगरकरांचं गाव, १८५६ चा जन्म. आता मात्र टेंभू म्हटलं की पुढच्या सगळ्या तालुक्यांत लोकांना आगरकरांच्या आधी पाणी आठवतं, टेंभू उपसा सिंचन योजना, कृष्णेचं पाणी मोठमोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढवत नेतात दुष्काळी भागाला. सुर्ली घाट चढलो तशी हवाच बदलली. इतका छोटा घाट, कुंभार्लीपुढं काहीच नाही, पण वर आल्यावर ऊस एकदम विरळ, रान उघडं, आभाळ मोठं. मला इतकं आभाळ एकदम बघायची सवय नाही, आमच्याकडं डोंगर आणि झाडं त्याचे तुकडे करून देतात.

कडेगावला चहा घेतला. मोहरमचे उंचच उंच ताबूत इथले, हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, लांबलांबनं लोक बघायला येतात. चहावाल्याला विचारलं तर त्यानं कप खाली ठेवून दोन्ही हात वर करून उंची दाखवली आणि ती कमी वाटली म्हणून समोरच्या इमारतीकडं बोट केलं. मग विटा, गलाईवाल्यांचं गाव. सोनंचांदी गाळायच्या धंद्यात इथली माणसं देशभर पसरलीत, दुष्काळानं घराबाहेर काढलेली, आणि आता गावात त्यांचे बंगले, बरेचसे कुलपात. आमच्या कोकणातली मुंबईच्या पैशावर बांधलेली बंद घरं डोळ्यांसमोर आली. एका टोकाला पाऊस मरणाचा, दुसऱ्या टोकाला नाहीच, पण कुलपं मात्र दोन्हीकडं सारखी. रेणावीला रेवणसिद्धाचं दर्शन घेतलं, खानापूर, भिवघाट, नागज. रस्ता नवा, गुळगुळीत, गाडी सुसाट जाते आणि सावली म्हणून नाही. कराड ते पाटण पट्ट्यातली वडाची झाडं रुंदीकरणात गेली तेव्हा मला जीव तुटल्यासारखं झालं होतं, भर उन्हात त्या कमानीतनं जाताना काचेवर ऊनसावली नाचायची ती आता नाही. पण इकडं तर झाड ही चैन आहे. रस्ता केला त्यांनी, चांगला केला, कबूल, पण तीनशे किलोमीटर रस्ता बांधणाऱ्याला दर मैलाला चार झाडं जगवता येऊ नयेत हे मला पटत नाही. लावतात, फोटो काढतात, पुढच्या उन्हाळ्यात नुसती लोखंडी जाळी उभी.

जतच्या अलीकडं एका ठिकाणी कालवा लागला म्हणून थांबलो. सिमेंटचा, पाणी अर्ध्याच्या खाली, पण वाहतं. म्हैसाळ योजनेचं पाणी. शेजारी डाळिंबाची बाग, तिच्या मालकांनी, पांढरी टोपी, सत्तरीचे, लांबनंच आवाज दिला, पाणी बघायला थांबलेली माणसं त्यांना नवी नसावीत. बसा म्हणाले. बोलण्यात मध्येच कानडी शब्द, बायकोशी तर सगळं कानडीतच. जतच्या चाळीसेक गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायचा ठराव केला होता, २०२२ च्या नोव्हेंबरात त्यावरनं दोन्ही राज्यांत केवढा गदारोळ झाला, ते मी टीव्हीवर बघून चिडले होते, आपलं राज्य सोडून जायची भाषा कशी करतात म्हणून. त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आमच्या पाव्हण्याचं रान पलीकडं, त्यास्नी पानी आधी आलं. आमी बांधावर उभं राहून बगायचो. तुमी काय केलं असतं?" मी गप्प बसले. इथं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कोयनानगरला त्याच्या दहापट. आणि दोन्ही ठिकाणं एकाच रस्त्यावर, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचता.

मग मी त्यांना चिपळूणचं सांगितलं, वाशिष्ठी, पोफळी, बोगदे. ते एकदम पुढं सरकून बसले. कारण उन्हाळ्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांना कृष्णेत पाणी कमी पडलं की कोयनेतनंच सोडतात, धरणाच्या पायथ्यातनं, ते कोयना नदीनं कराडला, प्रीतिसंगमावर कृष्णेत, आणि तिथनं पुढं या पंपांपर्यंत. म्हणजे पश्चिमेला सोडलं की आम्हाला, पूर्वेला सोडलं की त्यांना. ते बोटांवर हिशेब करत राहिले, मार्च, एप्रिल, मे. "म्हंजी तुमच्या नळाला पानी कमी आलं की आमी समजायचं आवर्तन सुटलं," असं म्हणून खूप वेळ हसले, मग गंभीर होऊन पंपाच्या वीजबिलाचं सांगायला लागले, एक्क्याऐंशी टक्के सरकार भरतं आणि एकोणीस शेतकऱ्यानं भरायचं तो सगळा हिशेब. पाणी चढवायला वीज, वीज करायला पाणी, आणि दोन्हीला कोयना. हे आमचे शाळेतले भूगोलाचे धडे, पण कुणाच्या बांधावर बसून त्याच्याच तोंडनं ऐकले की पोटात काहीतरी हलतं. निघताना त्यांनी पिशवीभर डाळिंबं दिली. मी गाडीतली सुकट दिली, आईकडची, तर त्यांच्या बायकोनं पुडी नाकाला लावली आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. ते म्हणाले, "हिला आवडती. बाजारात येती, पन असली न्हाई मिळत."

पुढचं सगळं सपाट. हद्दीची पाटी, दुकानांवरची अक्षरं गोल गोल झाली, काळी जमीन, ज्वारी उभी, सूर्यफूल, एका ठिकाणी मेंढरांचा कळप सगळा रस्ता अडवून. विजापुरात शिरायच्या कितीतरी आधी गोल घुमट दिसायला लागतो. त्याच्या गॅलरीत कुजबुजलेलं पलीकडच्या भिंतीशी ऐकू येतं ते सगळ्यांना माहितीच आहे, पण आम्ही गेलो तेव्हा शाळेच्या सहली आलेल्या, पोरं जीव खाऊन ओरडत होती आणि त्या घुमटात नुसता गदारोळ. मी बाहेर पायऱ्यांवर बसून राहिले. उन्हात तापलेला दगड, पोपटांचे थवे, आणि वाऱ्याला अजिबात ओल नाही. माँसाहेब इथनं कुठनं तरी निघाली असेल. मोजून बघितलं तर तिला दाभोळला पोचायला कितीतरी मुक्काम पडले असतील आणि शेवटी समुद्र बघून परत फिरावं लागलं.

परतल्यापासून या रस्त्याबद्दल काहीही छापून आलं की मी वाचते. कुंभार्लीच्या दुरुस्तीच्या बातम्या, चिपळूण-कराड रेल्वेच्या अधूनमधून येणाऱ्या घोषणा. घाट रुंद करा अशी मागणी सारखी होते, वळणावर दोन ट्रक आले की तासभर अडकायला होतं, पेशंट घेऊन निघालेल्यांचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत, त्यामुळं नको करू असं मी कुठल्या तोंडानं म्हणू. पण वर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, डोंगर भूकंपानं खिळखिळे झालेले आहेत, २०२१ ला काय झालं ते समोर आहे. तिथं डोंगर पोखरून चार पदरी करायचा हट्ट नको, आहे तोच घाट पक्का बांधा, गटारं करा, भिंती घाला, धुक्यात दिसतील असे पट्टे मारा आणि दर पावसाळ्याआधी बघा. आणि त्या भिंती जे हात घालतात त्यांना निदान पावसात उभं राहायला एक पत्र्याची शेड द्या. एवढं मी संबंधित ऑफिसात लिहूनही दिलंय, पोच मिळालीय.

आता जूनमध्ये उलटं जायचं ठरतंय. म्हणजे विजापूरहून निघायचं, पश्चिमेला, पाऊस कोकणात नुकता धरला असेल अशा दिवसांत, आणि बघायचं की पहिला थेंब काचेवर कुठं पडतो. जतच्या आजोबांचा फोन असतो अधूनमधून, त्यांना सांगितलं तर ते म्हणाले पाटणच्या आधी काही नाही, लिहून ठेवा. सासूबाई म्हणतात सुर्ली घाट उतरला की वास यायला लागतो, थेंब मल्हारपेठला. दादाचं म्हणणं, चिपळूणात बसून त्याला काय, की घाटमाथा आल्याशिवाय ह्याला पाऊस म्हणायचंच नाही. माझी पैज नवारस्त्यावर आहे आणि ह्यांनी गाडीचे वायपर आधीच बदलून घेतलेत.